ताराराणी : मालिका संपली, अभ्यास बाकी

मराठी विभागासाठी लेख द्या म्हटलं की आपल्यातले निम्मे जण कविता देतात आणि उरलेले होस्टेलच्या मेसवर तोंडसुख घेतात. मी यंदा एक त्रैराशिक घेऊन आले आहे. सहावी-सातवीतलं साधं त्रैराशिक, कॅल्क्युलेटर लागणार नाही.

छत्रपती संभाजी महाराजांना आयुष्य लाभलं जेमतेम ३२ वर्षांचं. त्यांच्यावरची 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका झी मराठीवर सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये संपली, म्हणजे साधारण २९ महिने चालली. महाराणी ताराराणींचं आयुष्य ८६ वर्षांचं. तर त्यांच्यावरची मालिका किती महिने चालायला हवी? उत्तर येतं ७८ महिने. साडेसहा वर्षं!

प्रत्यक्षात काय झालं? 'स्वराज्य सौदामिनी ताराराणी' ही मालिका सोनी मराठीवर १५ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली आणि २०२२ मध्ये, वर्षही पुरं व्हायच्या आत संपली.

मालिकेची लांबी नायकाच्या वयावर ठरत नसते हे मलाही कळतं. तरी हा आकडा मी मुद्दाम पुढे ठेवला आहे. कारण ताराराणींची गोष्ट सांगताना वेळ कमी पडला की कात्री नेहमी एकाच ठिकाणी चालते. भाषण असो, निबंध असो की गॅदरिंगमधलं नाटुकलं, १७०७ साली औरंगजेब मेला की ताराराणीही संपतात. टाळ्या, पडदा. खऱ्या ताराराणी मात्र त्यानंतर ५४ वर्षं जगल्या. त्या ५४ वर्षांत त्या लढल्या, हरल्या, दोनदा कैदेत पडल्या, पुन्हा सत्तेत आल्या आणि म्हातारपणी थेट पेशव्यांशी पंगा घेऊन बसल्या. मला विचाराल तर खरी मालिका तिथं आहे.

पण आधी जी झाली त्या मालिकेबद्दल. कारण तिच्यावर माझा जीव होता आणि अजूनही आहे.

जे पाहिलं ते

डॉ. अमोल कोल्हे यांच्या जगदंब क्रिएशन्सची ही मालिका. याच मंडळींनी आधी 'स्वराज्यरक्षक संभाजी' आणि 'स्वराज्यजननी जिजामाता' केल्या होत्या, त्यामुळे ताराराणी ही त्या रांगेतली पुढची पिढी. स्वरदा ठिगळे ताराराणी झाली होती, संग्राम समेळ राजाराम महाराज, आनंद काळे सरसेनापती हंबीरराव आणि यतीन कार्येकर औरंगजेब. कार्येकरांचा औरंगजेब मला फार आवडायचा. खलनायक म्हटलं की आरडाओरडा आलाच, अशी आपली समजूत असते. इथं मात्र म्हातारा, थकलेला, तरी हट्ट न सोडणारा माणूस दिसायचा. आणि स्वरदाची ताराराणी घोड्यावर बसली की बसलेली वाटायची, बसवलेली नाही. (एनसीसीवाल्या मुली हा फरक सांगू शकतील.)

मी तेव्हा शाळेत होते. शाळा कॉन्व्हेंट. इंग्लंडचे राजे क्रमानं पाठ, हेन्री आठवा आणि त्याच्या सहा राण्या तर अगदी नावानिशी. पण ताराराणी म्हणजे आमच्यासाठी काय, तर कोल्हापुरात शिरताना कावळा नाक्याला लागणारा पुतळा. कंडक्टर "ताराराणी पुतळा उतरा" म्हणतो, आपण उतरतो. त्या नावाची कुणी बाई होऊन गेली, तिनं आपलं कोल्हापूरचं राज्य उभं केलं, हे मला टीव्हीनं सांगितलं. टीव्हीला नावं ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

मालिकेनं मला दुसरी गोष्ट दिली ती म्हणजे शब्द. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं मराठी कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी शेजारी वही घेऊन बसायचे. मसलत म्हणजे सल्लामसलत, गुप्त विचारविनिमय. खलिता म्हणजे राजपत्र, आणि ते ज्या थैलीत घालतात तीसुद्धा. शिबंदी म्हणजे किल्ल्यावरची फौज. गनीम म्हणजे शत्रू. आणि गंमत अशी की मुघलांच्या कागदांत हाच शब्द मराठ्यांसाठी येतो! मोर्चे बांधणे म्हणजे घोषणा देत रस्त्यावरून जाणे नव्हे, वेढा घालणाऱ्यांनी तोफांसाठी आडोसे उभारणे. दमदमा म्हणजे तटाच्या उंचीचा मातीचा उंचवटा, त्यावर तोफा चढवायच्या. सिव्हिलवाल्यांनो, हा तुमचा विषय आहे. ही वही अजून माझ्याकडे आहे आणि पुढे जुने छापील कागद वाचताना तिचा जेवढा उपयोग झाला तेवढा एकाही शब्दकोशाचा झाला नाही.

माझी आज्जी रोज सोबत बघायची. तिला राजकारण फार लवकर कळायचं. दरबारात कुणी गोड बोलायला लागलं की ती लगेच म्हणायची, "बघ, ह्यो फितूर हाय." दहातल्या आठ वेळा ती बरोबर असायची. मालिका संपली त्या आठवड्यात तिनं विचारलं, "संपली व्हय? मग पोराचं काय झालं तिच्या?" ताराराणींच्या मुलाचं पुढं काय झालं हे मला सांगता आलं नाही. खरं तर हा लेख म्हणजे आज्जीच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे, थोडं उशिरा दिलेलं.

ऐतिहासिक मालिका मध्येच का आटोपतात, याचं सर्वसाधारण गणित सोपं आहे. देशात हजारो घरांमध्ये बार्क या संस्थेचे मीटर बसवलेले असतात. त्यावरून दर आठवड्याला कोण किती पाहिलं गेलं याचे आकडे येतात आणि जाहिरातीचा भाव त्या आकड्यांवर ठरतो. सासू-सुनेच्या मालिकेला एक दिवाणखाना पुरतो. ऐतिहासिक मालिकेला दरबार लागतो, घोडे लागतात, शंभर माणसांचे पोशाख लागतात, शिवाय एका तलवारीची मूठ चुकली तरी पत्रं येतात. आकडा सारखाच असला तरी खर्च सारखा नसतो. आणखी एक अडचण लिखाणाची. अर्ध्या तासात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटं हातात राहतात. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाचे ३१२ भाग होतात, म्हणजे सुमारे ११४ तास. ८६ वर्षं यात बसवायची म्हटली तर आयुष्यातल्या एका वर्षाला ८० मिनिटं मिळतात. जिंजीचा आठ वर्षांचा वेढा दहा तास चाळीस मिनिटांत उरकावा लागेल! असो. बेत कितीही चांगला आखला तरी वेळ पुरत नाही, हे आपल्याला सबमिशनच्या आठवड्यात चांगलंच कळतं.

१७०७ पर्यंत : ओळखीचा भाग

हा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो, म्हणून भराभर जाते.

ताराराणींचा जन्म १६७५ चा. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच्या पुढच्याच वर्षी. वडील हंबीरराव मोहिते, कराडजवळच्या तळबीडचे. गडहिंग्लजकडच्या नेसरीच्या खिंडीत १६७४ ला प्रतापराव गुजर पडले, त्यानंतर हंबीरराव सरसेनापती झाले. राजाराम महाराजांच्या आई सोयराबाई म्हणजे हंबीररावांची बहीण, त्यामुळे ताराराणींचं लग्न आत्याच्या मुलाशी झालं.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई आणि लहानगा शाहू मुघलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज तिकडं तमिळ मुलखात जिंजीला पोचले आणि झुल्फिकारखानानं जिंजीला घातलेला वेढा १६९८ पर्यंत चालला. या काळातली पहिली काही वर्षं ताराराणी इकडंच होत्या, विशाळगड-पन्हाळ्याच्या टापूत. इथला कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे होता. राज्य कसं चालवतात याचं शिक्षण ताराराणींना मिळालं ते इथं, आपल्या जिल्ह्यात. पुढं त्या जिंजीला गेल्या आणि १६९६ ला तिथं त्यांना मुलगा झाला. आज्जोबांचं नाव ठेवलं, शिवाजी.

आता १७०० साल बघा. औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला. वेढा चालू असतानाच २ मार्चला सिंहगडावर राजाराम महाराज वारले. ताराराणींचं वय २५, मुलगा चार वर्षांचा. पुढच्याच महिन्यात मुघलांनी साताऱ्याच्या तटाखाली सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात आतले मराठे गाडले गेले, किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटात तट बाहेरच्या बाजूला कोसळला तो थेट हल्ल्यासाठी तयार उभ्या असलेल्या मुघल सैन्यावर! इतिहासकार दोन हजारांच्या आसपास माणसं मेल्याचं सांगतात. (दारू किती आणि खडकाचा उतार कुठल्या दिशेला, याचा हिशोब न करता स्फोट केला की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.) तरी शेवटी किल्ला द्यावाच लागला.

पुढची सात वर्षं ताराराणींनी जे केलं त्याला मी सरळ इंजिनिअरिंग म्हणेन. औरंगजेब एकेक किल्ला घेत सुटला होता. १७०१ ला पन्हाळा, १७०२ ला विशाळगड, मग सिंहगड, राजगड, तोरणा. मराठ्यांचा डाव असा की किल्ला लढवायचा, शत्रूचे महिनेच्या महिने खायचे, पावसाळा जवळ आला की पैसे मोजून घेऊन किल्ला सोडायचा. एकट्या विशाळगडासाठी बादशहानं दोन लाख रुपये दिले. तिथून परतताना जून महिना सुरू झालेला. विशाळगड ते पन्हाळा हे पावसाळ्यातलं अंतर आपण गाडीनं जातानाही जपून जातो. मुघल फौजेला ते कापायला महिन्याहून जास्त लागला, ओढ्यानाल्यांत जनावरं आणि माणसं वाहून गेली ती वेगळीच. आणि फौज पुढं सरकली की दोन-चार वर्षांत मराठे त्यातले बरेचसे किल्ले परत घेत होते. त्याच वेळी मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात आणि गुजरातेत शिरत होत्या. म्हणजे बादशहा इथं, आणि लढाई त्याच्या घरात. मुघलांचा इतिहासकार खाफीखान मराठ्यांबद्दल चांगलं लिहिणारातला नव्हे, पण ताराराणींची हुशारी, कारभाराची आणि लष्कराची जाण त्यानंही मान्य केली आहे.

१७०७ मध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) औरंगजेब मेला. इथं टाळ्या पडतात आणि पडदाही पडतो.

पडद्यामागची ५४ वर्षं

औरंगजेबाच्या मुलानं जाता जाता एक हुशारी केली. अठरा वर्षं कैदेत असलेल्या शाहूला सोडून दिलं. संभाजी महाराजांचा मुलगा परत आला! आता गादी कुणाची?

हा प्रश्न तुम्ही होस्टेलवर रात्री चर्चेला घ्या, झोप उडेल. शाहूच्या बाजूनं बोलणं सोपं आहे, थोरल्या मुलाचा मुलगा. पण ताराराणींचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. संभाजीराजांच्या वेळी होतं ते राज्य गेलं. नंतर जे उभं राहिलं ते राजाराम महाराजांनी आणि आम्ही लढून नव्यानं मिळवलं. तेव्हा ते आमचं. भावनेला हे रुचत नाही, पण मुद्दा म्हणून तो सहज खोडता येत नाही. मालिकेत हा वाद सविस्तर यायला हवा होता. कारण इथं दोन्ही बाजूंना आपलीच माणसं आहेत, खलनायकच नाही.

निकाल मात्र युक्तिवादानं लागला नाही. १७०७ च्या ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला (आताचं राजगुरुनगर) दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि ताराराणींचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. त्यांचं मन वळवण्यात बाळाजी विश्वनाथ यांचा हात होता, जे पुढं पेशवे झाले. १७०८ च्या जानेवारीत शाहूंचा साताऱ्याला राज्याभिषेक झाला.

दुसरी एखादी व्यक्ती इथं थांबली असती. ताराराणी पन्हाळ्यावर आल्या आणि १७१० मध्ये त्यांनी इथं स्वतंत्र गादी उभी केली. आपण जिला करवीरची गादी म्हणतो ती हीच. कोल्हापूरचं वेगळेपण, साताऱ्याशी आणि पुण्याशी असलेला आपला थोडासा ताठा, सगळ्याचं मूळ इथं आहे असं म्हणायला हरकत नाही.

पण चारच वर्षांत, १७१४ मध्ये, घरातूनच घाव बसला. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई. त्यांच्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं गेलं आणि ताराराणी व त्यांचा मुलगा शिवाजी दोघांना पन्हाळ्यावरच कैद झाली. जी गादी उभी केली तिच्याच किल्ल्यात कैदेत! औरंगजेबाला जे सात वर्षांत जमलं नाही ते सवतीला आणि जुन्या कारभाऱ्यांना जमलं. ज्या रामचंद्रपंतांच्या हाताखाली त्या कारभार शिकल्या, तेही पुढं या नव्या राजाच्याच दरबारात राहिले. प्रसिद्ध 'आज्ञापत्र' त्यांनी लिहिलं ते या काळात.

आणि आज्जी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. ज्या मुलाला चार वर्षांचा असताना मांडीवर घेऊन राज्य चालवलं, तो शिवाजी १७२६ मध्ये कैदेतच वारला. देवी आल्या होत्या म्हणतात. वय तीस.

ताराराणी तेव्हा पन्नाशीच्या. टीव्हीवर पन्नाशीची बाई म्हणजे नायकाची आई. तिच्या वाट्याला आरतीचं ताट येतं, क्वचित कट-कारस्थान. पण ताराराणींच्या आयुष्यातली आणखी पस्तीस वर्षं शिल्लक होती आणि माझ्या मते त्यातलं राजकारण पहिल्या सात वर्षांपेक्षा अवघड होतं. कारण हातात फौज नव्हती, मुलगा नव्हता, किल्ला नव्हता.

१७३०-३१ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजींचा शाहूंकडून पराभव झाला तेव्हा ताराराणी शाहूंच्या हाती लागल्या. त्यांनी परत पन्हाळ्याला जायचं नाकारलं आणि साताऱ्यालाच राहणं पसंत केलं. कैदेतच राहायचं तर कुठंही सारखंच, असा तो हिशोब. १७३१ ला वारणेचा तह झाला, सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्यं कायम झाली, वारणा ही हद्द ठरली. सांगलीकडून येणारी मुलं दर सुट्टीला ती हद्द ओलांडतात, त्यांना कल्पनाही नसते.

मग जवळजवळ वीस वर्षं शांतता. आणि शाहूंचा शेवट जवळ आला, त्यांना मुलगा नाही, तेव्हा सत्तरी पार केलेल्या ताराराणींनी डाव टाकला. माझ्या मुलाचा मुलगा जिवंत आहे, म्हणाल्या. शत्रूच्या भीतीनं लपवून वाढवला होता. त्याचं नाव रामराजा. शाहू १७४९ च्या डिसेंबरात गेले आणि १७५० च्या सुरुवातीला रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला. ताराराणींची अपेक्षा साहजिक होती की नातू आपल्या शब्दात राहील. तो गेला पेशव्यांच्या म्हणजे नानासाहेबांच्या बाजूला. तेव्हा २४ नोव्हेंबर १७५० ला, चंपाषष्ठीच्या निमित्तानं, आजीनं नातवाला किल्ल्यावर बोलावलं आणि कैद केलं.

आपल्या सख्ख्या नातवाला! वय ७५. पेशव्यांविरुद्ध गुजरातेतून दमाजी गायकवाडांना बोलावून घेतलं. ते आले, पण हरले आणि पेशव्यांच्या कैदेत गेले. तरी ताराराणींनी किल्लाही सोडला नाही आणि रामराजालाही नाही. शेवटी १४ सप्टेंबर १७५२ ला जेजुरीला खंडोबासमोर ताराराणी आणि पेशवे यांच्यात शपथा झाल्या. आणि तिथं ताराराणींनी शपथेवर सांगितलं की रामराजा माझा नातू नाहीच.

आता आपल्या लॉजिकच्या तासाप्रमाणे बघा. १७४९ चं विधान : रामराजा माझा नातू आहे. १७५२ चं विधान : रामराजा माझा नातू नाही. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. म्हणजे दोनपैकी एकदा तरी महाराणी खोटं बोलल्या, आणि त्यातलं एक विधान देवासमोर शपथेवर केलेलं. कुठलं खोटं, यावर इतिहासकारांत मतं वेगवेगळी आहेत. काहींच्या मते मुलगा खरा होता, तो ऐकेना म्हणून रागानं नाकारला. काहींच्या मते गादी हातात यावी म्हणून मुळातच तोतया उभा केला होता. मला स्वतःला पहिलं पटतं. तोतया उभा करायचा असता तर त्यांच्यासारख्या बाईनं तो अधिक आज्ञाधारक निवडला असता! पण हा पुरावा नव्हे, माझा अंदाज.

मालिकेत हे दाखवलं असतं का? मला शंका आहे. आपल्याला नायिका लागते ती कायम बरोबर असणारी. तिनं खोटी शपथ घेतली, नातवाला डांबलं, असं दाखवलं तर कुणाच्या ना कुणाच्या भावना दुखावणार. पण मला विचाराल तर ताराराणींबद्दलचा माझा आदर हे वाचून कमी झाला नाही. उलट पुतळ्यातली बाई पहिल्यांदा माणूस वाटली. सत्ता पुण्याच्या पेशव्यांकडे सरकते आहे, छत्रपती नावापुरते उरत आहेत, हे तिला इतर कुणाही आधी दिसत होतं आणि ते अडवायला तिच्याकडे फक्त एक किल्ला आणि एक कैदी शिल्लक होता. रामराजाच्या जागी बसून पाहिलं तर मात्र काहीच छान वाटत नाही. त्याची बाजू कुणीतरी लिहायला हवी.

१७६१ हे शेवटचं वर्ष. जानेवारीत पानिपत झालं. जूनमध्ये पर्वतीवर नानासाहेब पेशवे गेले. ताराराणी त्यांच्यानंतरही सहा महिने जगल्या. ९ डिसेंबर १७६१ ला साताऱ्यात त्यांचं निधन झालं. राज्याभिषेकापासून पानिपतापर्यंतचा अख्खा मराठी इतिहास एका आयुष्यात. त्यांची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी आहे.

कुठं पाहायचं, काय वाचायचं

मालिका पुन्हा सुरू होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पण आपण बसलो आहोत ते ठिकाण या अभ्यासासाठी फार सोयीचं आहे.

पन्हाळा वीस किलोमीटरवर. रविवारी सकाळी एसटी पकडली तर दुपारच्या मेसला परत येता येतं. तिथं ताराराणींचा राजवाडा आहे, आणि आपण मात्र पोरं घेऊन जातो ते तीन दरवाजापाशी फोटो काढायला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात पन्हाळाही आहे आणि तमिळनाडूतली जिंजीसुद्धा आहे. म्हणजे ताराराणी जिथं आई झाल्या तो किल्ला, आणि जिथं त्यांनी गादी मांडली, जिथं त्या कैदेत पडल्या तो किल्ला, दोन्ही एकाच यादीत.

कावळा नाक्याचा पुतळा रवींद्र मेस्त्री यांचा. तिथून जाताना एकदा मेकॅनिक्सच्या नजरेनं थांबून बघा. घोडा मागच्या पायांवर उभा, पुढचे पाय हवेत, वर तलवार उगारलेली स्वार. एवढ्या वजनाचा गुरुत्वमध्य पायांच्या आधाराच्या आतच पडला पाहिजे, नाहीतर पुतळा पुढं कलंडेल. वर वाऱ्याचा दाब आलाच. फ्री बॉडी डायग्रॅम काढायला हे ठिकाण पुस्तकातल्या शिडीपेक्षा नक्कीच बरं.

वाचायचं असेल तर डॉ. जयसिंगराव पवारांचं महाराणी ताराबाईंवरचं पुस्तक आधी घ्या. भाषा सरळ आहे, माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीलाही अडलं नाही. मग धीर आला की शिवाजी विद्यापीठानं छापलेले 'ताराबाईकालीन कागदपत्रे' हे खंड. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ते संपादित केले. मोडीतले कागद बाळबोध अक्षरांत छापलेले आहेत, त्यामुळे वाचता येतात. सुरुवातीला चार ओळींना अर्धा तास लागतो. कुणाला इनाम दिलं, कुणाची शिबंदी किती, कुठल्या गावचा वाद कसा तोडला, असलाच मजकूर जास्त. पार्श्वसंगीत नाही, तीनदा झूम होणारा चेहरा नाही. मी आमच्या मजल्यावरच्या दोघींना सोबत घेतलं आहे. गुरुवारी जेवणानंतर आम्ही एकेक कागद वाचतो. अवघड शब्द माझ्या त्या जुन्या वहीत शोधतो, सापडला नाही तर घरी फोन लावते, आज्जीला बहुतेक माहीत असतो. सध्या १७०३ च्या आसपास आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपापली वही आणावी, चहा आमच्याकडून.